जमिनीचे दप्तर आणि शिकणारे यंत्र

रिलेशनल डेटाबेस आणि मशीन लर्निंग या संगणकशास्त्राच्या दोन शाखा वेगवेगळ्या गरजांतून वाढल्या. पहिलीचे काम नोंद बिनचूक ठेवण्याचे, म्हणजे कोणाच्या नावावर काय आहे, कोणता अर्ज कोणत्या तारखेला आला आणि त्यावर काय आदेश झाला, हे संशयाला जागा न ठेवता सांगण्याचे आहे. दुसरीचे काम अशा लाखो नोंदींतून सारखेपणा शोधून, पूर्वी कधी न पाहिलेल्या प्रकरणाबद्दल अंदाज बांधण्याचे आहे. या दोहोंच्या मध्ये एक टप्पा येतो, तो म्हणजे डेटाबेसच्या तक्त्यांतून नोंदी उचलून त्यांना यंत्राने शिकावे अशा एका संचाचे, म्हणजे डेटासेटचे, रूप देण्याचा. हे काम बहुधा हमालीचे समजले जाते आणि नवख्या माणसाकडे सोपवले जाते. वस्तुतः यंत्र काय शिकेल आणि काय कधीच शिकणार नाही, याचा मोठा भाग याच टप्प्यावर ठरून जातो.

संगणक उद्योगाचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेंगळुरूत हा विषय समजून घेण्यासाठी खासगी कंपन्यांकडे पाहण्याची गरज नाही. सर्वसामान्य शेतकऱ्याशी थेट संबंध असलेला एक प्रचंड रिलेशनल डेटाबेस याच शहरात घडला, आणि त्याचे नाव 'भूमी'.

भूमीची घडण

कर्नाटकात जमिनीच्या हक्कनोंदीच्या उताऱ्याला आरटीसी किंवा पहाणी म्हणतात आणि त्यात हक्क, कूळवहिवाट व पिके या तिन्हींची नोंद एकाच कागदावर असते. महाराष्ट्रातील सातबारा हा गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड आहे. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी शेतकऱ्याला दोन्ही उताऱ्यांचे नाते सहज उमगते. भूमीपूर्वी ही दप्तरे राज्यभरातील सुमारे नऊ हजार ग्राम लेखापालांच्या, म्हणजे तलाठ्यांच्या, ताब्यात हस्तलिखित स्वरूपात होती. उतारा मिळणे आणि फेरफार नोंदला जाणे हे सर्वस्वी त्यांच्या सवडीवर व मर्जीवर अवलंबून असे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या बेंगळुरू शाखेने आज्ञावली तयार केली, राजीव चावला या सनदी अधिकाऱ्यांनी प्रकल्पाचे नेतृत्व केले, आणि २००१ च्या सुमारास ६७ लाख शेतकऱ्यांचे जवळपास दोन कोटी उतारे संगणकात आले. तालुक्याच्या केंद्रात पंधरा रुपये भरून छापील उतारा मिळू लागला, हस्तलिखित उतारा अवैध ठरवण्यात आला, आणि फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने निकाली काढण्याचे बंधन आज्ञावलीतच घालण्यात आले. कन्नड मजकूर साठवण्यासाठी पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे जिस्ट तंत्रज्ञान वापरले गेले.

हे सारे दप्तर नोंद सांभाळण्यासाठी रचलेले आहे. त्यातून यंत्राला काही शिकवायचे झाल्यास काय करावे लागेल, हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेता येईल: फेरफाराचा अर्ज दाखल होताच, त्यावर हरकत येण्याचा संभव किती, हे सांगणारे प्रारूप तयार करायचे आहे, जेणेकरून तहसील कार्यालयाला सुनावण्यांसाठी मनुष्यबळाची तजवीज आधीच करता यावी. प्रारूप म्हणजे जुन्या प्रकरणांवरून बसवलेले असे गणिती सूत्र, की ज्यात नव्या प्रकरणाची माहिती घातली असता उत्तराचा अंदाज बाहेर पडतो.

तक्ते वेगळे का असतात

रिलेशनल डेटाबेसची सैद्धांतिक मांडणी एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत असताना प्रसिद्ध केलेल्या निबंधात केली. माहिती तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळीला ओळखणारी एक किल्ली असावी, एका तक्त्याने दुसऱ्याचा उल्लेख त्या किल्लीनेच करावा, आणि कोणतीही गोष्ट शक्यतो एकाच ठिकाणी लिहिलेली असावी, हा त्या मांडणीचा गाभा होय. एकाच ठिकाणी लिहिल्यामुळे एका जागी दुरुस्ती केली आणि दुसरीकडे राहून गेली, असे होत नाही. या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी मांडली. तीच पुढे एसक्यूएल म्हणून जगभर रूढ झाली, आणि त्या भाषेत लिहिलेल्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात.

जमिनीच्या दप्तराची सोपी मांडणी चार तक्त्यांत करता येते. पहिल्यात जमिनीचा तुकडा, त्याचे क्षेत्र आणि मातीचा प्रकार. दुसऱ्यात खातेदार आणि त्यांचे हिस्से. तिसऱ्यात वर्षवार व हंगामवार पिके. चौथ्यात फेरफाराचे अर्ज, त्यांच्या तारखा, हरकती आणि आदेश. तुकडा ओळखण्यासाठी एकच आकडा पुरत नाही. जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्याखालील महसुली मंडळ), गाव, सर्व्हे नंबर, सरनोक (सर्व्हे नंबराला जोडून येणारे पद) आणि हिस्सा ही सारी पदे मिळून त्याची किल्ली बनते. सर्व्हे नंबर ४५ राज्यातील हजारो गावांत असणार, म्हणून किल्लीतील एक जरी पद गळाले तर खानापूर तालुक्यातील शेत कोलार जिल्ह्यातील मालकाला जोडले जाऊ शकते, आणि संगणक त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मशीन लर्निंगच्या बहुतेक पद्धतींना मात्र एकच सपाट तक्ता लागतो, ज्यात एक ओळ म्हणजे एक उदाहरण आणि एक रकाना म्हणजे एक गुणधर्म. विद्यार्थ्यांना शिकवताना सर्रास वापरला जाणारा, रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेला आयरिस फुलांचा संच तसाच आहे: तीन जाती, प्रत्येकीची ५० फुले, प्रत्येक फुलाची चार मापे, एकूण १५० ओळी. अशा आयत्या संचावर शिकलेल्या तरुण अभियंत्याला पहिल्या नोकरीत डेटाबेससमोर बसवले की त्याच्या लक्षात येते, की असा तक्ता कुठेही ठेवलेला नसतो आणि तो घडवावा लागतो.

जोडणीतली फसगत

घडवण्याच्या आधी एक ओळ कशाची, हे ठरवावे लागते. वरील उदाहरणात एक ओळ म्हणजे एक अर्ज. हे ठरवल्याविना चारही तक्ते एकमेकांना जोडले तर काय होते, ते एका तुकड्यावरून दिसते. समजा, दोन एकर वीस गुंठ्यांच्या शेतात चार भाऊ खातेदार आहेत आणि पिकांच्या तक्त्यात तीन नोंदी आहेत. खातेदार आणि पिके यांची थेट जोडणी, म्हणजे जॉइन, केली असता प्रत्येक भावासमोर प्रत्येक पीक येऊन बारा ओळी तयार होतात; क्षेत्राची बेरीज केली तर अडीच एकरांचे तीस एकर होतात, आणि यंत्र एकाच अर्जाला बारा वेळा पाहते. सामाईक खात्यांतून वाद अधिक होत असतील किंवा नसतील, पण अशा संचात त्या खात्यांचा आवाज विनाकारण मोठा झालेला असतो. यावर उपाय असा, की खातेदारांचा तक्ता आधी प्रत्येक तुकड्यामागे एका ओळीवर आणावा, म्हणजे खातेदार किती, सर्वांत मोठा हिस्सा केवढा, अशी रूपे काढावीत. पिकांचेही तसेच करावे. आणि त्यानंतरच जोडणी करावी.

जोडणीचा प्रकारही तितकाच निर्णायक ठरतो. आतील जोडणी, म्हणजे इनर जॉइन, दोन्ही तक्त्यांत जुळणी असलेल्याच ओळी ठेवते. ज्या शेताला पिकाची एकही नोंद नाही, ते शेत निकालातून नाहीसे होते. डावी जोडणी, म्हणजे लेफ्ट जॉइन, मूळ तक्त्यातील प्रत्येक ओळ राखते आणि न मिळालेल्या माहितीची जागा रिकामी ठेवते. क्वेरीतील या एका शब्दाच्या फरकाने पडीक जमिनींवरचे सारे अर्ज यंत्राच्या दृष्टीआड होऊ शकतात. शहराभोवतालच्या गावांत, जिथे शेती थांबून जमिनीचे व्यवहार जोरात असतात, तिथलेच अर्ज त्यात अधिक असण्याचा संभव असतो.

काळाची गळती

नोंदीचा डेटाबेस आजची स्थिती सांगतो, तर शिकणाऱ्या यंत्राला अर्ज आला त्या दिवशीची स्थिती हवी असते. हा भेद विसरल्याने होणारी चूक या क्षेत्रात सर्वाधिक घातक मानली जाते आणि तिला गळती म्हणतात. फेरफार मंजूर झाला की खातेदारांच्या तक्त्यात नवे नाव चढते. हरकतीमुळे अडकला की जुनेच नाव राहते. अशा स्थितीत खातेदारांचा आजचा तक्ता जुन्या अर्जांना जोडला, तर अर्जदाराचे नाव खातेदारांत आहे की नाही, एवढ्यावरून यंत्र निकाल ओळखू लागते. चाचणीत त्याची अचूकता डोळे दिपवणारी येते, अधिकारी समाधानी होतात, आणि प्रत्यक्ष कार्यालयात कालच दाखल झालेला अर्ज समोर ठेवला की तेच यंत्र हतबल होते, कारण ज्या खुणेवर ते विसंबले होते ती खूण निकालानंतरच उमटणारी असते.

म्हणून क्वेरीतील प्रत्येक जोडणीला काळाची अट घालावी लागते: खातेदार, हिस्से आणि पिके यांच्या केवळ अशाच नोंदी घ्याव्यात, ज्या त्या विशिष्ट अर्जाच्या तारखेपूर्वी अस्तित्वात होत्या. फेरफारांची नोंदवही तारखांसह जपलेली असेल तर हे शक्य होते. जिथे जुनी नोंद पुसून तिच्यावर नवी लिहिली जाते, तिथे गेलेला काळ परत मिळवता येत नाही. चाचणीसाठी बाजूला ठेवायची प्रकरणेही सरसकट चिठ्ठ्या टाकून निवडू नयेत. जुन्या वर्षांवर शिकवावे आणि नंतरच्या वर्षांवर तपासावे, तसेच एकाच तुकड्याची प्रकरणे शिकवण्याच्या आणि तपासणीच्या अशा दोन्ही गटांत विभागली जाऊ नयेत, असा संकेत आहे.

दोन कोटी ओळींचा भार

दोन कोटी ओळी आणि प्रत्येकीत पन्नास रकाने असा संच घेतला, आणि प्रत्येक रकान्याला आठ बाइट धरले, तरी आठ अब्ज बाइट, म्हणजे आठ जीबी स्मृती लागते. त्यात नावे आणि शेरे यांचा मजकूर आला की हा आकडा कितीतरी वाढतो. सारे एकदम उचलण्याचा प्रयत्न केल्यास संगणक अडकतो, म्हणून नोंदी तुकड्यातुकड्याने आणतात. पन्नास हजारांचा एक तुकडा धरला तर चारशे फेऱ्या होतात.

या फेऱ्या कशा करायच्या, यात मोठा फरक आहे. पहिल्या इतक्या ओळी सोडून पुढच्या द्या, अशी मागणी प्रत्येक फेरीत केली, तर डेटाबेसला सोडायच्या ओळीही दरवेळी मोजत जावे लागते. चारशे फेऱ्यांत हव्या असलेल्या दोन कोटी ओळींसाठी तो एकूण ४०१ कोटी ओळी चालून जातो. त्याऐवजी शेवटची मिळालेली किल्ली लक्षात ठेवून तिच्या पुढच्या पन्नास हजार द्या, अशी मागणी केली, आणि त्या किल्लीवर अनुक्रमणिका, म्हणजे इंडेक्स, असली, तर प्रत्येक फेरी थेट योग्य जागेवरून सुरू होते आणि अनाठायी चाल उरत नाही.

दुसरी अडचण चालू कामाची. नोंदी उचलल्या जात असतानाच तालुक्यातालुक्यांत फेरफार मंजूर होत असतात. त्यामुळे पहिल्या फेरीत आलेले शेत जुन्या मालकाचे आणि शेवटच्या फेरीत आलेला हिस्सा नव्या मालकाचा, असा विसंगत संच हाती येऊ शकतो. संपूर्ण वाचन एकाच व्यवहारात, म्हणजे ट्रान्झॅक्शनमध्ये, गोठवलेल्या क्षणचित्रावर करणे, किंवा डेटाबेसची वाचनासाठी ठेवलेली वेगळी प्रत वापरणे, हे त्यावरचे रूढ उपाय आहेत. वेगळ्या प्रतीचा दुसरा लाभ असा, की उताऱ्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला यंत्राच्या शिक्षणापायी खोळंबावे लागत नाही.

एकच क्वेरी डेटाबेस अनेक वाटांनी पुरी करू शकतो आणि कोणती वाट स्वस्त पडेल याचा अंदाज तो स्वतः बांधतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. जयंत हरित्सा यांच्या प्रयोगशाळेने 'पिकासो' हे साधन विकसित केले. क्वेरीतील अटी थोड्या बदलल्या की डेटाबेस वाट कशी बदलतो, याचे रंगीत नकाशे ते काढते, आणि हे नकाशे कित्येकदा अपेक्षेपेक्षा फार गुंतागुंतीचे निघतात. मोठी क्वेरी चालवण्यापूर्वी डेटाबेसकडून तिची नियोजित वाट मागून घेऊन तपासण्याची शिस्त त्यामुळेच आवश्यक ठरते.

नोंदी बाहेर काढून शिकवावे की डेटाबेसच्या आतच गणित करावे, हा प्रश्नही जुना आहे. पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झालेल्या सुनीता सरावगी यांनी आयबीएममध्ये असताना शिबी थॉमस व राकेश अगरवाल यांच्यासह १९९८ मध्ये या पर्यायांची पद्धतशीर तुलना केली. त्यांच्या प्रयोगांत नोंदींची एकदाच फाइलमध्ये प्रत करून त्या प्रतीवर काम करणे हा पर्याय वेगाच्या बाबतीत सामान्यतः सर्वोत्तम किंवा त्याच्या जवळ ठरला, तर कुशलतेने लिहिलेले एसक्यूएलही फार मागे राहिले नाही. आजची प्रथा या दोहोंचा मेळ घालते: जोडणी आणि बेरजा डेटाबेसमध्येच करून घ्यायच्या, तयार झालेला संच पार्केसारख्या रकानावार साठवण करणाऱ्या फाइलमध्ये एकदा उतरवायचा, आणि यंत्राच्या पुढील शेकडो आवर्तनांसाठी ती फाइलच वापरायची.

आकड्यांचे खरे अर्थ

नोंदी एका व्यवस्थेतून दुसरीत जाताना त्यांचा अर्थ सांडण्याचा धोका असतो. कर्नाटकातील उताऱ्यावर क्षेत्र एकर, गुंठे आणि गुंठ्याचा भाग अशा क्रमाने, मध्ये टिंब देऊन लिहितात. दोन एकर वीस गुंठे हे २.२०.०० असे दिसते. एका एकरात चाळीस गुंठे असल्यामुळे याचा अर्थ अडीच एकर. पण भरणाऱ्याने शेवटचे पद टाकून हा दशांश अपूर्णांक मानला, तर यंत्राला २.२ एकर दिसतात. १.३९ आणि २.०० या दोन क्षेत्रांत केवळ एका गुंठ्याचा फरक आहे, आणि यंत्र मात्र तो अर्ध्या एकराहून अधिक समजते. महाराष्ट्रातील हेक्टर-आर पद्धतीत शंभर आरांचा एक हेक्टर असल्याने हाच निष्काळजीपणा तिथे खपून जातो. म्हणून एका राज्यात बिनचूक चाललेली आज्ञावली सीमेपलीकडे गुपचूप चुकते.

हिस्सा क्रमांकाचेही तसेच. ३/१ असा हिस्सा असलेली फाइल तपासणीसाठी स्प्रेडशीटमध्ये उघडली की तो तारीख बनून बसतो, आणि फाइल पुन्हा जतन केली की मूळ क्रमांक हरवतो. पायथॉन भाषेतील, २००८ पासून विकसित होत असलेल्या पांडास या लोकप्रिय साधनात, पूर्णांकांच्या रकान्यात एक जरी जागा रिकामी असली तरी संपूर्ण रकाना दशांश रूपात जाण्याचा प्रघात आहे; मग सर्व्हे नंबर ४५ हा ४५.० होतो आणि मजकूर म्हणून साठवलेल्या ४५ शी जुळेनासा होतो. क्रमांक दिसायला आकडे असले तरी ते नावेच आहेत, त्यांची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही, म्हणून ते आरंभापासून मजकूर म्हणूनच उचलावेत.

नावांचा प्रश्न याहून नाजूक आहे. सीमाभागातील मराठी आडनावे कन्नड लिपीत लिहिताना चव्हाण, चवाण, चौहान अशी रूपे घेऊ शकतात. एकाच कुटुंबाच्या दोन शेतांवर दोन रूपे पडली, तर यंत्राच्या लेखी ती दोन कुटुंबे होतात. नावावरून माणूस जुळवणारी कोणतीही क्वेरी अशा नोंदींवर भाषिक अल्पसंख्याकांच्या बाबतीत अधिक चुकणार, आणि अचूकतेच्या सरासरीत ती चूक दिसणारही नाही.

रिकाम्या रकान्यामागे कोण आहे

डेटाबेसमधील रिकाम्या जागेला नल म्हणतात, आणि तिचा अर्थ शून्य असा नव्हे. कर्नाटकाच्या १९७४ च्या जमीन सुधारणा दुरुस्तीने, सैनिकांसारखे मोजके अपवाद वगळता, कूळवहिवाट संपुष्टात आणली आणि कुळांकडील जमिनी १ मार्च १९७४ पासून सरकारकडे निहित केल्या. तेव्हापासून बटईने किंवा खंडाने शेत कसणारा माणूस कागदावर येणे जवळपास थांबले. प्रत्यक्षात तो अनेक गावांत शेत कसतोच आहे. रिकामा रकाना भरण्याच्या सोयीसाठी एखाद्याने तिथे शून्य घातले, तर कायद्यामुळे न लिहिलेला माणूस यंत्राच्या ज्ञानात अस्तित्वातच नसलेला माणूस होतो. पीककर्ज, नुकसानभरपाई किंवा विमा यांचे निर्णय अशा प्रारूपांवर सोपवले गेल्यास ही चूक थेट त्याच्या ताटापर्यंत पोहोचेल.

तालुक्यांतील डेटाबेस पुढे राज्याच्या मध्यवर्ती केंद्राशी जोडले गेल्यावर दप्तराला प्रश्न विचारण्याची शक्तीही गावातून शहराकडे सरकली. अभ्यासक सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये केलेल्या टीकेचा रोख हाच होता, की नोंदी एकवटल्याने बेंगळुरूभोवतालच्या जमिनी हेरणे बड्या खरेदीदारांना सोपे झाले. उतारा पंधरा रुपयांत मिळू लागल्याचा लाभ खरा होता आणि ही टीकाही दखल घेण्याजोगी आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती कोणत्या हेतूने वापरली जाते, या प्रश्नाला कायदेशीर वजन दिले आहे. हेतूचे हे बंधन पाळण्याची सर्वांत सोपी जागा क्वेरी हीच आहे: जो रकाना कामाला लागत नाही तो उचलूच नये, नावाऐवजी उलटा शोध न लागणारी खूण वापरावी, आणि वाचन करणाऱ्या खात्याला केवळ आवश्यक तेवढ्याच तक्त्यांची परवानगी असावी.

शिकलेल्या यंत्राबरोबर त्याचे सूत्र जपून ठेवण्याची काळजी बहुतेक संस्था घेतात. ज्या क्वेरीतून त्याला शिकवले गेले ती क्वेरी, ती चालवल्याची तारीख, आलेल्या ओळींची संख्या आणि गाळलेल्या ओळींची कारणे मात्र अनेकदा कुठेच नोंदलेली नसतात. सरकारी कामात तरी ही नोंद सक्तीची आणि नागरिकाला मागता येईल अशी असली पाहिजे. ज्या शेतकऱ्याच्या अर्जावर यंत्राच्या अंदाजाने परिणाम झाला, त्याला सूत्रातले गणित समजेलच असे नाही. पण आपल्यासारखी पडीक जमीन, सामाईक खाते किंवा मराठी आडनाव असलेली प्रकरणे त्या यंत्राने पाहिली होती की वगळली होती, हे विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे, आणि या प्रश्नाचे उत्तर त्या क्वेरीतच लिहिलेले असते.